राष्ट्रगीत होताना गाण्यातून काय गळून पडतं?

तानपुरा (धागाकर्ती)

सत्तावीस वर्षं मी शाळेत संगीत शिकवलं. दर जूनला पाचवीचा नवा वर्ग यायचा आणि पहिला आठवडा फक्त ‘जन गण मन’चा असायचा. मुलांना गाणं येतंच, पण कसं येतं ते जवळ उभं राहून ऐकावं. ‘उच्छल’चं ‘उज्ज्वल’ झालेलं असतं, ‘गाहे’चं ‘गाये’ झालेलं असतं. मी मनगटावरचं घड्याळ धरून उभी राहायचे. ५२ सेकंदांत बसायला हवं. पहिल्या दिवशी हमखास जास्त वेळ लागायचा, कारण ‘विंध्य हिमाचल’च्या आधी सगळा वर्ग श्वास घ्यायला थांबायचा.

एका वर्षी एका मुलीने विचारलं, “बाई, हे गाणं आधीपासून एवढंच होतं का?” मी सांगितलं, नाही, पाच कडवी आहेत. ती लगेच म्हणाली, “मग बाकीची चार कुठे गेली?”

मी आता निवृत्त झाले. तिच्या प्रश्नाने मात्र अजून पाठ सोडलेली नाही, म्हणून हा धागा.

रवींद्रनाथांनी हे गाणं १९११ मध्ये लिहिलं. २७ डिसेंबर १९११ रोजी काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात ते पहिल्यांदा जाहीरपणे गायलं गेलं, आणि जानेवारी १९१२ मध्ये ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त ‘भारत भाग्य विधाता’ या नावाने छापून आलं. तेव्हा ते ब्रह्मसंगीताच्या, म्हणजे ब्राह्मो समाजाच्या भक्तिगीतांच्या घराण्यातलं, प्रार्थनेच्या अंगाचं गाणं होतं. फेब्रुवारी १९१९ मध्ये रवींद्रनाथ आंध्रातल्या मदनपल्लीला थिऑसॉफिकल कॉलेजात गेले असताना त्यांनी ते तिथे गाऊन दाखवलं. प्राचार्यांच्या पत्नी मार्गारेट कझिन्स पाश्चात्त्य संगीत शिकलेल्या होत्या. त्यांनी चाल स्वरलिपीत उतरवली आणि रवींद्रनाथांनी त्याच मुक्कामात गाण्याचं इंग्रजी भाषांतर केलं. तिथे ते रोज सकाळी म्हणायचं गाणं झालं. एका गावातल्या कॉलेजची सकाळची प्रार्थना! राष्ट्रगीत व्हायला अजून ३१ वर्षं होती.

पुढे बर्लिनमध्ये सुभाषबाबूंच्या आझाद हिंद केंद्राने ते स्वीकारलं. ११ सप्टेंबर १९४२ रोजी हॅम्बर्गमध्ये वाद्यवृंदाने ते वाजवलं. १९४३ मध्ये आझाद हिंद सरकारने त्याच गाण्यावर बेतलेलं हिंदुस्थानी ‘शुभ सुख चैन’ घेतलं. म्हणजे शब्द बदलले तरी सूर प्रवास करत राहिला.

१४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीचं संविधान सभेचं कामकाज वाचून पाहा. सुरुवात ‘वंदे मातरम्’च्या पहिल्या कडव्याने, आणि शेवटी ‘सारे जहाँ से अच्छा’ आणि ‘जन गण मन’ यांच्या पहिल्या ओळी. गाणाऱ्या सुचेता कृपलानी. स्वतंत्र झालेल्या देशाकडे त्या रात्री तीन गाणी होती आणि राष्ट्रगीत एकही नव्हतं.

माझ्या मनात जे घोळतंय ते असं. गाणं राष्ट्रगीत होताना त्यात काही घातलं जात नाही, उलट एकेक गोष्ट गळत जाते. कडवी गळतात, कवीचा प्रसंग गळतो, गाणाऱ्याची हरकत, म्हणजे त्याने आपल्या मनाने घेतलेली सुरांची नक्षी, गळते. नदीतल्या गोट्यासारखं ते हजारो तोंडांतून घासत जातं, आणि जे उरतं ते कुणालाही उचलता येतं. इथल्या मंडळींचा काय अनुभव आहे?

---

वाटसरू

धागा आवडला. एक शंका विचारून घेतो. हे गाणं पंचम जॉर्जच्या स्वागतासाठी लिहिलं, असा मजकूर दर ऑगस्टमध्ये व्हॉट्सॲपवर फिरतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यावरून दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालं. नक्की काय आहे?

---

तानपुरा

वाटसरू, त्याच अधिवेशनात २७ तारखेला सुरुवातीला ‘जन गण मन’ झालं. नंतर राजाच्या स्वागताचा ठराव झाला आणि त्यानंतर रामभुज चौधरींचं राजाच्या स्तुतीचं एक वेगळं हिंदी गाणं गायलं गेलं. इंग्रजी वृत्तपत्रांनी दोन्हींची सरमिसळ केली आणि बातमीत ते गाणं रवींद्रनाथांच्या नावावर टाकलं. तिथून हे सुरू झालं. रवींद्रनाथांनी नोव्हेंबर १९३७ मध्ये पुलिनबिहारी सेन यांना पत्र लिहून याचा स्पष्ट इन्कार केला.

आणि खरं उत्तर त्या गळालेल्या कडव्यांत आहे. तिसऱ्या कडव्यात तो ‘चिरसारथी’ आहे, युगायुगांच्या चढउताराच्या वाटेवर रथ हाकणारा. असा सारथी कुठला जॉर्ज असेल? पुढची कडवी सगळ्यांना पाठ असती, तर ही अफवा एवढी वर्षं तगली नसती.

---

झिंझोटी

ताई, तुमचा नदीतला गोटा पटला, पण माझ्या मनात एक सल आहे तो इथे मांडतो.

‘वंदे मातरम्’ घासलं गेलं नव्हतं का? १८८२ मध्ये ‘आनंदमठ’मधून ते पुस्तकात आलं. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये खुद्द रवींद्रनाथांनी गायलं. १९०५ च्या वंगभंगानंतर ते दोन शब्द उच्चारले म्हणून पोरांनी लाठ्या खाल्ल्या. आपल्याकडे कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी ते काँग्रेसच्या अधिवेशनांत गायलं. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी विरोध केला, तरीही पलुस्करांनी ते पूर्ण केलं.

आणि मास्तर कृष्णराव! आळंदीला जन्मलेले, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, प्रभातच्या चित्रपटांचे संगीतकार. ‘वंदे मातरम्’ समूहाला गाता येत नाही, बँडवर बसत नाही, असं म्हटलं जात होतं. मास्तरांनी ते झिंझोटी रागात बांधलं, पावलांच्या ठेक्यावर चालेल असं, आणि दिल्लीला जाऊन संविधान सभेच्या सदस्यांपुढे त्याची प्रात्यक्षिकं दिली. ऐन उमेदीतला, नाटक-सिनेमाचं नाव पाठीशी असलेला गवई एका गाण्यासाठी दारोदार फिरतो, हे मला आजही विलक्षण वाटतं. माझे आजोबा मास्तरांच्या गाण्याचे वेडे होते. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज दर वेळी जड व्हायचा.

तेव्हा जे घासून घासून उरतं तेच निवडलं जातं असं नाही. कुणीतरी बसून निवडतं.

---

तानपुरा

झिंझोटी, तुमच्या आजोबांची गोष्ट इथे लिहिलीत, फार बरं केलंत. कुणीतरी बसून निवडतं हे मान्य. पंडित नेहरूंचं २५ ऑगस्ट १९४८ चं निवेदन वाचलं की तो क्षण दिसतो. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आपल्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीत मागितलं गेलं. त्यांच्याजवळ ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती, ती त्यांनी तिथल्या वाद्यवृंदाला दिली. वाजवल्यावर इतर देशांच्या लोकांना ते फार आवडलं. नेहरूंनी प्रांतांच्या गव्हर्नरांनाही विचारलं, त्यांनी आपापल्या मुख्यमंत्र्यांशी बोलून कळवावं असं सांगितलं. एक सोडून सगळ्यांनी होकार दिला. तो एक होता मध्य प्रांत, म्हणजे राजधानी नागपूर. आपल्या विदर्भाचा त्या यादीतला तो एकटा नकार मला नेहमी थांबून वाचावासा वाटतो.

निवडीचा शेवटही पाहा. २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी संविधान सभेत फक्त एक निवेदन वाचलं. ठराव नाही, मतदान नाही. ‘जन गण मन’ राष्ट्रगीत, आणि स्वातंत्र्यलढ्यात ऐतिहासिक वाटा असलेल्या ‘वंदे मातरम्’ला तितकाच मान. मग पूर्णिमा बॅनर्जी आणि इतरांनी ‘जन गण मन’ गायलं, लक्ष्मीकांत मैत्र आणि इतरांनी ‘वंदे मातरम्’. दोन्ही गाणी एकाच सभागृहात, एकापाठोपाठ.

मला संगीताच्या अंगाने एक गोष्ट दिसते. ‘वंदे मातरम्’वर प्रत्येक मोठ्या गवयाने आपली चाल बांधली. पलुस्करांची वेगळी, मास्तरांची वेगळी, १५ ऑगस्टच्या सकाळी आकाशवाणीवरून ओंकारनाथ ठाकूर गायले ती वेगळी. आज आपल्या कानात बसलेली देस रागातली पुन्हा वेगळी. त्या गाण्याचं ते वैभव आहे. पण लाख लोकांनी एका सुरात गायचं तर चाल एकच लागते, आणि ‘जन गण मन’ला ती पहिल्यापासून एकच होती.

---

काळी_पट्टी

मी पोलीस बँडमध्ये बावीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं. लिहायची सवय नाही, चूकभूल द्यावी घ्यावी.

झिंझोटी साहेब, मास्तरांबद्दल आदर आहेच. पण बँडवर बसत नाही म्हणजे काय, ते वाजवणाऱ्याच्या बाजूने सांगतो. गळ्यातली मींड पितळी वाद्यावर उतरत नाही. कॉर्नेटला दाबायच्या तीन कळा, त्यात सुरावरून सुरावर उडी मारावी लागते. गवई जिथे स्वर ओढून नेतो तिथे आमच्याकडे खड्डा पडतो. शिवाय चाळीस माणसं वेगवेगळे सूर एकत्र वाजवणार, तर खालचे सूर आधी लिहून घ्यावे लागतात. ‘जन गण मन’ची अशी मांडणी हर्बर्ट मुरिल या इंग्रज संगीतकाराने करून दिली. त्यात सूर पायऱ्यापायऱ्यांनी जातात. शेवटचं ‘जय हे’ तीनदा चढतं तिथे तर बँड आपोआप फुलतो, वाजवणाऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही.

ताई म्हणतात तसं हरकत गळते. मी खरं तर शास्त्रीय शिकलेला. भरतीनंतर पहिल्या वर्षी ‘भारत भाग्य विधाता’वर माझ्याकडून नकळत एक कण, म्हणजे शेजारच्या सुराचा ओझरता स्पर्श, लागला. बँडमास्तरांनी वाजवणं थांबवलं, जवळ आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “हे तुझं नाही. जसं लिहिलंय तसं.” मी पुन्हा कधी तिथे काही लावलं नाही.

---

यारा_काठची

मेलबर्नहून लिहितेय. तानपुराताईंचं म्हणणं मी इथे डोळ्यांसमोर घडताना पाहिलंय.

ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रगीत पहिल्यांदा १८७८ मध्ये सिडनीत गायलं गेलं. पीटर डॉड्स मॅकॉर्मिक हे त्याचे कवी. त्यानंतर जवळपास शंभर वर्षं इथे अधिकृत राष्ट्रगीत इंग्लंडच्या राणीचंच, म्हणजे ब्रिटनचं. १९७७ मध्ये लोकांना चार गाण्यांपैकी एक निवडायला सांगितलं. यालाच सर्वाधिक, सुमारे ४३ टक्के मतं मिळाली. रानात भटकणाऱ्या, मेंढी चोरणाऱ्या माणसाचं लाडकं लोकगीत दुसरं आलं, सुमारे २८ टक्के. अधिकृत व्हायला १९८४ उजाडलं.

तेव्हा काय गळलं? मूळ गाणं ‘ऑस्ट्रेलियाच्या पुत्रांनो’ असं सुरू होतं. ते ‘ऑस्ट्रेलियावासी सर्वजण’ झालं. ब्रिटनचे गोडवे गाणारी कडवी गेली. आणि १ जानेवारी २०२१ पासून आणखी एक शब्द बदलला. आधी होतं, आपण ‘तरुण आणि मुक्त’ आहोत. ज्या भूमीवर हजारो वर्षांपासून आदिवासी राहतात तिला तरुण कसं म्हणायचं? म्हणून आता ‘एक आणि मुक्त’.

मी नागरिकत्व घेतलं तेव्हा नगरपालिकेच्या सभागृहात छापील कागद हातात धरून ‘तरुण’ म्हटलं होतं. शेजारी एक सुदानी बाई होती, तिचा कागद थरथरत होता. आता मुलीच्या शाळेत उभी राहते तेव्हा ती ‘एक’ म्हणते आणि माझ्या तोंडून ‘तरुण’ निघतं. ती मला कोपराने ढोसते. तोंडात बसलेला शब्द काढणं किती कठीण असतं ते मला तेव्हा कळतं.

---

वाटसरू

यारा_काठची, मग आपल्याकडचं ‘सिंध’? तो प्रांत पाकिस्तानात गेला तरी शब्द राहिलाच की.

---

तानपुरा

राहिला. तो काढावा म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००५ मध्ये न्यायालयाने मागणी फेटाळली. माझ्या वर्गात एक सिंधी मुलगी होती, तिची आजी उल्हासनगरच्या छावणीत वाढलेली. ती मुलगी ‘पंजाब सिंध’ इतकं स्पष्ट म्हणायची की बाकीचे गुजरातला पोचलेले असायचे. सगळंच गळत नाही, हे खरं.

---

जोझीकर

जोहान्सबर्गमध्ये अकरा वर्षं झाली. इथलं राष्ट्रगीत घासलं गेलंच, पण त्याला गाठही मारली गेली, म्हणून लिहितो.

इनॉक सोंटोंगा नावाचे मिशन शाळेतले शिक्षक होते. तानपुराताईंसारखेच, मुलांचं गायनवृंद बसवणारे. १८९७ मध्ये त्यांनी शाळेसाठी एक प्रार्थना रचली. अर्थ एवढाच, देवा, आफ्रिकेवर कृपा कर. भाषा खोसा, चाल चर्चमधल्या स्तोत्रासारखी. १९०५ मध्ये तरुण वयात ते वारले. ८ जानेवारी १९१२ रोजी ब्लूमफाँटेनला जी संघटना स्थापन झाली, पुढे जिची आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झाली, तिच्या त्या पहिल्या बैठकीचा समारोप या गाण्याने झाला. १९२३ मध्ये लेखक सॉल प्लाट्ये यांनी लंडनमध्ये ते ध्वनिमुद्रित केलं. १९२५ मध्ये ते संघटनेचं अधिकृत गीत झालं. १९२७ मध्ये खोसा कवी म्खायी यांनी त्यात सात कडवी वाढवली. म्हणजे इथे गाणं गळायच्या आधी वाढलं! हीच चाल टांझानियाने घेतली, झांबियाने घेतली.

गोऱ्या सरकारचं राष्ट्रगीत वेगळं होतं, आफ्रिकान्स भाषेतलं, लँगनहोव्हन यांनी १९१८ मध्ये लिहिलेलं. १९९४ मध्ये मंडेला आले तेव्हा दोन्ही राष्ट्रगीतं राहिली, एकापाठोपाठ एक वाजायची. १९९७ मध्ये दोन्ही कापून एक केलं. आज एकाच गीतात खोसा, झुलू, सेसोथो, आफ्रिकान्स आणि इंग्रजी अशा पाच भाषा आहेत. मध्येच सूर बदलतो आणि ज्या पट्टीत सुरुवात झाली त्या पट्टीत ते संपत नाही.

माझ्या मुलाच्या शाळेत मागच्या रांगेत उभा राहून मी ऐकतो. पहिल्या भागात एका बाजूचे पालक मोकळ्या गळ्याने गातात, आफ्रिकान्स ओळ आली की दुसऱ्या बाजूचे आवाज वर येतात. मुलं मात्र पाचही भाषा सारख्याच जोराने ओरडतात. माझा मुलगा घरी माझ्याशी मराठीत भांडतो आणि सेसोथो ओळ म्हणताना एकदाही अडखळत नाही.

सोंटोंगांची कबर कित्येक वर्षं कुणाला सापडत नव्हती. ब्रामफाँटेनच्या दफनभूमीच्या नोंदीत ते आडनावाखाली नव्हते, ‘इनॉक’ म्हणून होते. १९९६ मध्ये तिथे राष्ट्रीय स्मारक झालं. मी एकदा जाऊन आलो. शाळामास्तरच्या कबरीपुढे उभं राहून ते गाणं गुणगुणताना मला आपल्याकडचे कितीतरी मास्तर आठवले.

---

झिंझोटी

जोझीकर, दोन्ही गाण्यांना एकत्र बांधायचं हे मला आधी सुचायलाच हवं होतं. १९५० च्या त्या दिवशी एकापाठोपाठ दोन गाणी झाली, हे ताईंनी लिहिलं तेव्हा मी ते वाचून पुढे गेलो होतो. परत जाऊन वाचलं.

---

कृष्णाकाठ

वाई तालुक्यातला जिल्हा परिषदेचा शिक्षक. शाहीर साबळ्यांचं पसरणी आमच्या शेजारचं.

राष्ट्रगीत नाही, पण राज्यगीत बनताना मी जवळून पाहिलंय. ‘जय जय महाराष्ट्र माझा’चे शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची, आवाज शाहिरांचा. १९६० पासून ते प्रत्येक १ मेला, प्रत्येक स्नेहसंमेलनात, गणपतीत वाजत आलं. कुणी सांगितलं म्हणून नाही. ३१ जानेवारी २०२३ रोजी मंत्रिमंडळाने त्याला राज्यगीताचा दर्जा दिला आणि १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीपासून ते लागू झालं. दोन कडवी, १ मिनिट ४१ सेकंद. त्रेसष्ट वर्षं गाणं आधीच राज्यगीत होतं, कागद नंतर आला, असं मला वाटतं.

आता ताईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर. आधी आमची मुलं हे गाणं टाळ्या वाजवत म्हणायची. ‘गर्जा’ आलं की टाळी, आणि मागच्या बाकावरचे बाकावर ठेका धरायचे. शाहिरी गाणं ते, डफाविना कसं राहील? राज्यगीत झाल्यापासून आम्ही परिपाठात सावधान उभे राहतो. हात शिलाईला लागलेले. गाणं तेच, आवाज तोच, पण टाळी गेली. मला अभिमान वाटतो आणि टाळीची आठवणही येते.

म्हणून शनिवारी शाळा सुटताना आम्ही ते पुन्हा एकदा म्हणतो, तिन्ही कडवी, बसून, ठेका धरून.

---

तानपुरा

कृष्णाकाठ, गळालेल्या गोष्टींत टाळी मी धरलीच नव्हती! आणि ते शनिवारचं फार सुंदर आहे. आमच्या कॉलनीतल्या मुलांना मी रविवारी गाणं शिकवते. या आठवड्यापासून ‘जन गण मन’चं दुसरं कडवं घेतेय, ज्यात हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती सगळ्यांना नावानिशी हाक आहे. ते बसूनच म्हणू.

काळी_पट्टी, एक विचारायचं होतं. संचलनात बँड राष्ट्रगीत सुरू करण्याआधी ड्रम वाजतो आणि मग क्षणभर सगळं थांबतं. मुलं दर वेळी तिथे घाईने ‘जन’ म्हणून टाकतात. तो थांबा मुद्दाम असतो का?

---

काळी_पट्टी

हो ताई, मुद्दाम असतो. संथ संचलनाची सात पावलं होतील एवढा ड्रमचा रोल. तो हळू सुरू होतो, जमेल तितका मोठा होतो, मग पुन्हा उतरतो, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहिला पाहिजे. त्यानंतर एक मात्रा पूर्ण शांत. त्या मात्रेत आम्ही फुंक भरून घेतो, ओठ वाद्याला लावून ठेवतो, कुणीही हलत नाही. मग ‘जन’.

मुलांना सांगा, सात मोजायचे, आठव्याला गप्प राहायचं.